नावांच्या यादीला मनुष्यबळ म्हणू नये

अमेरिकेतील आरोग्यसेवेच्या मनुष्यबळाचा अभ्यास करणाऱ्यांत एक मत गेल्या काही वर्षांत चांगलेच रुजले आहे. नर्स प्रॅक्टिशनरांची नमुना पाहणी करण्याचे दिवस सरले, असे ते मत. सरकारी नोंदी आहेत, परवान्यांच्या याद्या आहेत, विम्याची बिले आहेत. त्या उतरवून घ्याव्यात, एकमेकींशी ताडून पाहाव्यात आणि मोजाव्यात. माणसांना प्रश्न विचारत बसायचे कशाला? हे मत मांडणारे लोक अभ्यासू आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे. म्हणूनच ते मत तसेच सोडून देता येत नाही. माझा पक्ष आधीच सांगून टाकतो. कोणतीही यादी ज्या कामासाठी तयार झाली, त्या कामापुरतीच ती खरी असते. नर्स प्रॅक्टिशनरांविषयी आज उपलब्ध असलेली एकही मोठी यादी त्यांचे काम जाणून घेण्यासाठी तयार झालेली नाही.

विषयाची ओळख थोडक्यात करून देतो. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून या पेशाचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. नोंदणीकृत परिचारिकेने पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आणि रुग्ण तपासणे, निदान करणे, चाचण्या सांगणे, औषधे लिहून देणे ही कामे करायची, अशी ही योजना. आज अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीवाचून स्वतंत्रपणे काम करू शकतात. डॉक्टर जायला तयार नसलेल्या ग्रामीण भागात कित्येकदा पहिला उपचार त्यांच्याच हातून होतो. त्या किती आहेत, कुठे आहेत आणि नेमके काय करतात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर कोट्यवधी डॉलरचे आणि लक्षावधी रुग्णांच्या सोयीचे निर्णय अवलंबून असतात.

आता पूर्वपक्ष. तो मी त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडतो.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे: विम्याचे बिल लावणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेवकाला केंद्र सरकारचा दहा आकडी ओळख क्रमांक घ्यावा लागतो. २००५ पासून हे क्रमांक दिले जात आहेत. त्यांची संपूर्ण फाइल दर महिन्याला कोणालाही फुकट मिळते. सगळेच हाती असताना नमुना कशाला? दुसरे म्हणणे: मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या बिलांतून कोणी किती रुग्ण तपासले हे थेट दिसते. सांगीवांगीपेक्षा बिल अधिक विश्वासार्ह. तिसरे: पाहण्यांचा प्रतिसाद-दर सतत घसरतो आहे. निम्मे लोक उत्तरच देत नसतील, तर उरलेल्या निम्म्यांवरून काय सांगणार? चौथे: पाहणी खर्चिक आणि वेळखाऊ आहे. निष्कर्ष छापून येईपर्यंत परिस्थिती बदललेली असते.

यात खोटे असे काही नाही. या याद्यांवर चांगले संशोधन झालेले आहे, हेही मान्य केले पाहिजे. दवाखान्यांच्या एका व्यावसायिक यादीच्या आधारे संशोधकांनी दाखवून दिले, की ग्रामीण भागातील प्राथमिक उपचारांच्या दवाखान्यांत उपचार करणाऱ्यांमध्ये नर्स प्रॅक्टिशनरांचा वाटा २००८ मधील १७.६ टक्क्यांवरून २०१६ मध्ये २५.२ टक्क्यांवर गेला. हा शोध मोलाचा आहे. माझा वाद यादी वापरण्याशी नाही. यादी पुरेशी आहे, या दाव्याशी आहे.

पहिला मुद्दा घेऊ. ओळख क्रमांकाची फाइल उघडून त्यातील एक ओळ नीट पाहावी. तीत नाव आहे, टपालाचा पत्ता आहे, दवाखान्याचा पत्ता आहे, परवान्याचा क्रमांक आणि राज्य आहे, कामाचा प्रकार सांगणारा संकेतांक आहे, क्रमांक दिल्याची तारीख आणि नोंद शेवटची बदलल्याची तारीख आहे. आता तीत काय नाही ते पाहावे. ही व्यक्ती आज काम करते का? आठवड्यात किती तास? रुग्ण तपासते की शिकवते? किती वर्षांत निवृत्त होणार? यांपैकी एकाही प्रश्नाचा रकाना त्या ओळीत नाही. असण्याचे कारणही नाही. तो क्रमांक बिले योग्य ठिकाणी पोहोचावीत म्हणून निर्माण झाला, आणि ते काम तो चोख करतो.

बरे, जे रकाने आहेत ते तरी ताजे असतात का? माहिती बदलल्यास तीस दिवसांत कळवावे असा नियम आहे. कळवायचे मात्र ज्याचे त्याने. कामाचा प्रकारही ज्याने त्याने स्वतःच निवडायचा. समजा, एखादीने पदवी घेताना 'कुटुंब आरोग्य' हा प्रकार नोंदवला आणि पुढे ती रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात रुजू झाली. तिने नोंद बदलली नाही म्हणून तिचा पगार अडत नाही. मग ती बदलेलच कशावरून? फाइलमध्ये ती कुटुंब आरोग्याचीच राहते, आणि फाइलवर विसंबणारा संशोधक त्या जिल्ह्यात प्राथमिक उपचार करणारी एक व्यक्ती जास्त मोजतो. क्रमांक तर जन्मभराचा असतो. जी निवृत्त झाली, जी परदेशी गेली, तिचे नाव कोणी कळवल्याशिवाय आपोआप गळत नाही. रेशनकार्डावर नावे किती आहेत यावरून आज घरात किती माणसे जेवायला आहेत हे ठरवता येत नाही, तशीच ही गत आहे.

परवान्यांच्या याद्या याहून बऱ्या. परवान्याची मुदत संपते, नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे गाळणी अधूनमधून होत राहते. पण परवाना राज्य देते, केंद्र नव्हे. जी नर्स प्रॅक्टिशनर दूरध्वनीवरून आणि पडद्यावरून पाच राज्यांतील रुग्ण पाहते तिच्याकडे पाच परवाने असतात. पाच राज्यांच्या याद्यांची बेरीज केली की एका व्यक्तीच्या पाच व्यक्ती होतात. त्यात राज्याराज्यांच्या व्यवस्था निराळ्या. पेनसिल्व्हेनियात परवान्यावर एक उपाधी, आयोवात दुसरी. विस्कॉन्सिनमध्ये तर दीर्घकाळ राज्याचे वेगळे प्रमाणपत्र औषधे लिहून देणाऱ्या प्रगत परिचारिकांपुरतेच होते. अशा याद्यांची नुसती बेरीज करून देशाचा आकडा जाहीर करणाऱ्याने आपण काय मोजले ते आधी सांगावे: माणसे की कागद?

दुसरा मुद्दा बिलांचा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत भक्कम बुरूज समजला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत कच्चा आहे. मेडिकेअरच्या नियमानुसार नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःच्या क्रमांकावर बिल लावले तर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के रक्कम मिळते. पण दवाखान्यात डॉक्टरने रुग्णाला आधी तपासून उपचार ठरवून दिलेले असतील आणि पुढील भेटींवर त्याची देखरेख असेल, तर तेच काम डॉक्टरच्या क्रमांकावर लावता येते आणि पूर्ण १०० टक्के मिळतात. रुग्ण तपासला नर्स प्रॅक्टिशनरने. नाव लागले डॉक्टरचे. ही लबाडी नव्हे, ही नियमाने दिलेली मुभा आहे. पंधरा टक्केबिंदू जास्त मिळत असताना दवाखाने ती का सोडतील? ज्या दवाखान्यांत नर्स प्रॅक्टिशनर रोज डॉक्टरच्या शेजारी बसून काम करते, नेमक्या तिथलेच तिचे काम बिलांतून गळते. ही चूक इकडेतिकडे विखुरलेली नाही. ती एकाच दिशेने झुकलेली आहे. म्हणून बिले कितीही गोळा केली तरी ती भरून निघत नाही.

बिलांतला दुसरा दोष याहून सोपा आहे. मेडिकेअरच्या दफ्तरी डॉक्टरांच्या शाखा वेगवेगळ्या संकेतांकांनी नोंदल्या जातात. नर्स प्रॅक्टिशनर मात्र सगळ्या एकाच संकेतांकाखाली येतात: ५०. प्राथमिक उपचार करणारी, त्वचारोग पाहणारी, अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणारी, तिघींचा संकेतांक एकच. अमेरिकी काँग्रेसला मेडिकेअरविषयी सल्ला देणाऱ्या आयोगाने, म्हणजे मेडपॅकने, जून २०१९ मध्ये दोन शिफारशी केल्या. डॉक्टरच्या नावावर बिल लावण्याची ही पद्धत बंद करावी ही एक, आणि या व्यावसायिकांच्या कामाच्या शाखा नीट नोंदवाव्यात ही दुसरी. बिलांचा सर्वांत मोठा जाणकार असलेला आयोगच जर बिलांतून चित्र दिसत नाही म्हणत असेल, तर संशोधकाने बिलांना आरसा कसे म्हणावे?

उपलब्ध आकडे एकमेकांशी तरी जुळतात का? २०२३ चेच उदाहरण घ्या. केंद्राच्या श्रम-सांख्यिकी विभागाने त्या वर्षी मे महिन्यात देशात सुमारे २ लाख ८० हजार नर्स प्रॅक्टिशनर कामावर असल्याचे सांगितले. नर्स प्रॅक्टिशनरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच वर्षी परवानाधारकांचा आकडा दिला ३ लाख ८५ हजारांहून अधिक. एका वर्षात, एका देशात, एका पेशात एक लाखाची तफावत! यांपैकी खोटे कोण? कोणीच नाही. श्रम विभाग आस्थापनांना विचारतो आणि नोकऱ्या मोजतो. स्वतःचा दवाखाना चालवणारे त्यात येत नाहीत, आणि मुख्यतः शिकवणारी व्यक्ती तिथे अध्यापकांत मोजली जाते. संघटना परवाना असलेल्या सगळ्यांना मोजते, मग त्या काम करोत वा न करोत. दोन्ही आकडे आपापल्या कामाला खरे आहेत. पण देशाला पुरेशा नर्स प्रॅक्टिशनर आहेत का, या प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एकातही नाही. त्या एक लाखांत कोण कोण आहे हे कळण्याचा मार्ग एकच: त्यांनाच विचारणे.

विचारले की काय हाती लागते, याचा दाखला इतिहासात आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य-साधने विभागाने नर्स प्रॅक्टिशनरांची खास राष्ट्रीय नमुना पाहणी केली. राज्यांच्या परवाना-याद्यांतून नमुना निवडला आणि सुमारे तेरा हजार जणांनी उत्तरे दिली. तीतून दिसले ते असे. प्राथमिक उपचारांशी संबंधित शाखेचे प्रमाणपत्र असलेल्यांचे प्रमाण तीन-चतुर्थांशांच्या घरात होते. पण प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्यांपैकी प्राथमिक उपचारांच्या ठिकाणी काम करणाऱ्या निम्म्याहूनही थोड्या कमीच निघाल्या. केवळ प्रमाणपत्रांच्या यादीवर विसंबून धोरण आखले असते तर ते किती चुकले असते, हे वाचकानेच ठरवावे. प्राथमिक उपचारांसाठी मनुष्यबळ भरपूर आहे असे कागद म्हणत राहिले असते, आणि गावातल्या दवाखान्याचे दार मात्र बंदच राहिले असते. यादी शिक्षण सांगते. काम माणूसच सांगतो.

आता तिसरा मुद्दा, प्रतिसाद-दराचा. प्रतिसाद घटतो आहे हे खरे. २०१८ च्या नोंदणीकृत परिचारिकांच्या राष्ट्रीय पाहणीत लाखाहून अधिक जणांना विचारले आणि जवळपास निम्म्यांनी उत्तर दिले. पण निम्मे गप्प राहिले म्हणजे निष्कर्ष चुकला, हे कोणत्या न्यायाने? चूक गप्प राहणाऱ्यांच्या संख्येमुळे होत नाही. गप्प राहणारे आणि बोलणारे विचारलेल्या विषयात वेगळे असतील, तरच ती होते. रॉबर्ट ग्रोव्ह्ज यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवून दिले, की प्रतिसाद-दर आणि निष्कर्षातील झुकाव यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. शिवाय चौकट, म्हणजे नमुना ज्या यादीतून निवडला ती यादी, माहीत असेल तर हा झुकाव तपासता येतो. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचे राज्य, परवान्याचे वर्ष यादीत असतेच. ते पाहून उत्तरांचे भार बदलता येतात. यादीतली चूक मात्र यादीच्या आत राहून कधीच दिसत नाही.

संख्येने भारावून जाणाऱ्यांसाठी २०२१ चा धडा ताजा आहे. करोनाची पहिली लस किती प्रौढांनी घेतली हे जाणण्यासाठी त्या वर्षी अमेरिकेत तीन पाहण्या चालू होत्या. फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे गोळा करणारी पाहणी मे महिन्यात सतरा टक्केबिंदूंनी चुकली. सुमारे पाऊण लाख उत्तरांची जनगणना विभागाची पाहणी चौदा टक्केबिंदूंनी चुकली. जेमतेम हजार लोकांची, पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्याची तिसरी पाहणी सत्याच्या जवळ राहिली. 'नेचर' नियतकालिकात हा लेखाजोखा डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. यावर प्रतिपक्ष म्हणेल, की सत्य कोणते हे तिथे सरकारी नोंदीवरूनच ठरवले ना? होय, ठरवले. लशीचा प्रत्येक डोस टोचताक्षणी त्याच कामासाठी नोंदला जात होता. तिथे नोंद आणि प्रश्न एकच होते. नर्स प्रॅक्टिशनरच्या दिवसभराच्या कामाची अशी नोंद कोण करते? कोणीही नाही. म्हणून तो दाखला माझ्याच पक्षाला बळ देतो.

याच तर्काने आणखी एका सोयीच्या वाटेचा निकाल लागतो. यादी नको म्हणणारे काही संशोधक संघटनेच्या सभासदांना ईमेल धाडतात किंवा समाजमाध्यमांवर दुवा टाकून हजार उत्तरे जमवतात. सभासद कोण होते? ज्यांना पेशाविषयी आस्था असते, वर्गणी परवडते, ते. दुवा कोण उघडते? ज्यांना वेळ असतो किंवा तक्रार असते, ते. अशा उत्तरांवरून त्या हजारांचे मत कळते, पेशाचे नव्हे. प्रतिसाद-दर किती, असे विचारले तर सांगता येत नाही. कारण किती जणांपर्यंत दुवा पोहोचला हेच माहीत नसते. ज्याचा छेद अज्ञात, तो अपूर्णांक कसा मांडणार?

चौथा मुद्दा खर्चाचा. परिचारिकांची राष्ट्रीय नमुना पाहणी १९७७ पासून साधारण दर चार वर्षांनी होत आली. २००८ नंतर ती थांबली आणि पुन्हा झाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात २०१२ ची ती एक खास पाहणी तेवढी झाली. ही दहा वर्षे कोणती होती? २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने कोट्यवधी नवे विमाधारक आणले, तीच. जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीवरून अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या २०१० मधील सुमारे ९१ हजारांवरून २०१७ मध्ये सुमारे १ लाख ९० हजारांवर गेली, तीही हीच. त्याच अभ्यासाने एक गंभीर इशारा दिला: ही वाढ परिचारिकांमधूनच होत असल्याने नोंदणीकृत परिचारिका सुमारे ८० हजारांपर्यंत कमी झाल्या असाव्यात. हे ओळख क्रमांकाच्या फाइलने सांगितले नाही. घरोघर विचारणाऱ्या पाहणीने सांगितले. पाहणीचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. न केलेल्या पाहणीचा खर्च दिसत नाही, पण तो रुग्णाला भरावा लागतो.

खंडन एवढ्यावर थांबवले तर ते अपुरे राहील. मग करावे काय? माझा सिद्धान्त सरळ आहे: यादी ही पाहणीची चौकट आहे, पाहणीचा पर्याय नाही. राज्यांच्या परवाना-याद्या पायाभूत धराव्यात, कारण परवान्यावाचून हा पेशा करताच येत नाही. राज्याराज्यांतील पुनरावृत्त नावे काढून टाकावीत. ओळख क्रमांकाच्या फाइलचा उपयोग पत्ते पडताळण्यासाठी करावा. छोट्या आणि ग्रामीण राज्यांतून नमुना मुद्दाम जास्त घ्यावा, नाहीतर त्यांच्याविषयी काहीच बोलता येणार नाही. पहिला प्रश्न असावा: तुम्ही सध्या नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करता का? दुसरा: तुमचे परवाने कोणकोणत्या राज्यांत आहेत? या दोन प्रश्नांनी यादीचे दोन मोठे दोष तिथल्या तिथे कळतात. याहून चांगली वाट व्हर्जिनियासारख्या राज्यांनी घालून दिली आहे. तिथे परवान्याच्या नूतनीकरणाबरोबरच कामाविषयीची प्रश्नावली पुढे येते. नोंद आणि प्रश्न एकाच टेबलावर येतात. उत्तर कॅरोलिनातही परवान्यांच्या माहितीवर उभी असलेली आरोग्य-मनुष्यबळाची नोंदव्यवस्था कित्येक दशके चालू आहे.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. पिकाचा अंदाज गावच्या कामगाराने नजरेने लावलेल्या आणेवारीवरून काढावा, की मोजकी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथले पीक प्रत्यक्ष कापून तोलावे, हा प्रश्न १९४० च्या दशकात आपल्याकडेही उभा होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी दुसऱ्या वाटेचा आग्रह धरला आणि ती पद्धत देशभर नेली. आणेवारी सर्व गावांची होती, कापणी मोजक्या शेतांची. तरी कापणीवर भरवसा ठेवायचा, कारण तिथे पीक खरोखर तोलले जाते, हे सुखात्म्यांनी आपल्याला शिकवले. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम आता भारतातही सुरू झाला आहे. आपल्याकडच्या राज्य परिचर्या परिषदांच्या जुन्या नोंदवह्यांत निवृत्त झालेल्या, परदेशी गेलेल्या, वारलेल्या परिचारिकांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहिली. म्हणून तर अद्ययावत नोंदवहीचा वेगळा उपक्रम हाती घ्यावा लागला. अमेरिकेची चूक आपल्या कामाची आहे, ती याच अर्थाने.

वाचकहो, दोन्ही पक्ष आपल्यापुढे मांडले आहेत. निकाल देताना एवढेच पाहावे: ज्या प्रश्नाचे उत्तर हवे, तो प्रश्न त्या यादीने कधी कोणाला विचारला होता का? विचारला नसेल, तर यादी कितीही मोठी असो, तिच्यात ते उत्तर असणार नाही. आणि नर्स प्रॅक्टिशनरांच्या मनुष्यबळावर पुढचा आकडा जेव्हा आपल्यासमोर येईल, तेव्हा तो मान्य करण्याआधी तो कोणत्या यादीतून आला, ती यादी कशासाठी ठेवली होती आणि कोणाला विचारून तो पडताळला, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.